पिरोटनचे बेट आणि कायद्याची भरती-ओहोटी

कच्छच्या आखातात जामनगरजवळ पिरोटन नावाचे बेट आहे. जेमतेम तीन चौरस किलोमीटरचे. पूल नाही, रस्ता नाही. भरतीच्या पाण्यावर होडी सुटते आणि परतायचे तर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. मधल्या ओहोटीत पाणी मागे सरले की प्रवाळाचे खडक उघडे पडतात. डबक्यांतून ऑक्टोपस, तारामासे, डिवचले की फुग्यासारखा फुगणारा मासा! एरवी हे पाहायला पाणबुड्याचा पोशाख आणि खिशात पैसा लागतो. इथे पोटरीभर पाण्यात चालत जाऊन दिसते. आपल्या शाळा-कॉलेजातल्या पोरांनी हे जरूर पाहावे. सहल म्हणजे देवदर्शन, ही सवय अजून आपल्यातही पुरती गेलेली नाही.

मात्र वन खात्याची परवानगी हवी. 1982 साली घोषित झालेले हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. शिंपलाही उचलायचा नाही. नियम योग्यच आहे. कारण पूर्वी याच आखातातली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली जात होती.

प्रश्न आहे तो हा कायदा कोणासाठी वाकतो याचा. पिढ्यान्‌पिढ्या या आखातावर पोट भरणाऱ्या वाघेर मच्छीमाराने उद्यानाच्या हद्दीत जाळे टाकले तर तो गुन्हेगार ठरतो. याच उद्यानातून एस्सार ऑइलला वाडिनारच्या कारखान्यासाठी तेलवाहिनी न्यायची होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 चा आधार घेऊन गुजरात उच्च न्यायालयाने ती अडवली. जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. विकास आणि पर्यावरण यांचा समतोल साधला पाहिजे, असे सांगण्यात आले.

समतोल! शब्द चांगला आहे. पण त्या तराजूत जाळेवाल्याची भाकरी कोणी कधी ठेवली काय? पर्यावरण रक्षणाचे कलम 48-अ संविधानात 1976 च्या दुरुस्तीने आले. कायद्यापुढे समानतेचे कलम 14 तर पहिल्या दिवसापासून आहे. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, तो प्रवाळाच्या द्वेषापोटी नव्हे. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

प्रवाळ वाचलेच पाहिजे. परंतु ज्यांना भरतीची वेळ घड्याळाशिवाय कळते, त्या मच्छीमारांच्या पोरांना उद्यानात वाटाड्याची आणि रक्षकाची पक्की नोकरी द्या, हद्दी ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. आणि वाचकहो, तुम्ही पिरोटनला गेलात तर प्रवाळ पाहून झाल्यावर होडीवाल्याशेजारी बसा. त्याचा बाप कुठे जाळे टाकत होता, ते विचारा.