फ्रीजमधली ती बाटली आधी फेकून द्या!

"डॉक्टर, काल रात्री ताप आला, म्हणून मागच्या महिन्यात तुम्हीच दिलेलं अँटिबायोटिक दोन वेळा पाजलं. फ्रीजमध्येच होतं ना!"

समोर दोन वर्षांची मुलगी. सर्दी नाही, खोकला नाही. फक्त ताप, आणि लघवी करताना रडते. मला लघवीच्या संसर्गाची शंका आली. अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवी कल्चरला पाठवायची असते. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो, हे त्यावरून कळतं. इथे दोन डोस आधीच पोटात गेले होते. रिपोर्टमध्ये जंतूंची वाढ दिसली नाही. मग संसर्ग होता की नव्हता? असेल तर कोणत्या जंतूचा? उत्तर मिळायची वाटच आपण बंद केली होती. लहान मुलांमध्ये हा संसर्ग वारंवार झाला, तर किडनीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून हे उत्तर महत्त्वाचं होतं.

त्या आईचा हेतू चांगलाच होता. माझा राग तिच्यावर नाही, या सवयीवर आहे. उरलेलं अँटिबायोटिक जपून ठेवणं ही काटकसर नाही, तो धोका आहे.

पालकहो, त्या बाटलीत नेमकं काय असतं ते बघा. मुलांची बरीचशी अँटिबायोटिक्स पावडरच्या रूपात येतात. उकळून थंड केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून आपण ती तयार करतो. एकदा पाणी पडलं की छापलेली एक्स्पायरी विसरायची. तयार औषध काही दिवसच टिकतं, अनेक औषधं तर सातच दिवस. नेमके किती ते लेबलवर लिहिलेलं असतं. महिन्याभरापूर्वीच्या बाटलीत औषधाची ताकद किती उरली, हे कुणीच सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट डोसची. मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयावर किंवा अंदाजावर नाही. त्यातही एकाच औषधाच्या कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात. अझिथ्रोमायसिन ५ मिलीमध्ये १०० मिलीग्रॅमचंही असतं आणि २०० चंही. थोरल्याची बाटली धाकट्याला "तेवढंच एक चमचा" पाजली, तर दुप्पट डोस जाऊ शकतो. आणि चमचा कोणता? स्वयंपाकघरातले चमचे सारखे नसतात. मापाचं टोपण किंवा सिरिंजच वापरा.

"पण मागच्या वेळी यानेच ताप उतरला होता!" हे मी रोज ऐकतो. मुलांचे बहुतेक ताप, सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तो ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणारच होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, श्रेय मात्र बाटलीला मिळालं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणूनही लगेच अँटिबायोटिक लागत नाही.

केमिस्टनाही दोन शब्द. सेफिक्झिमसारखी अनेक अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही "बाळाला ताप आहे, काहीतरी द्या" म्हटलं की बाटली हातात पडते.

आणि आम्ही डॉक्टर? आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. "दोन दिवस वाट पाहू" म्हटलं की पालक दुसऱ्या दवाखान्यात जातील, या भीतीने अँटिबायोटिक लिहिलं जातं. मीही लिहिलं आहे. ते चूकच होतं.

याचा अर्थ अँटिबायोटिकला घाबरा, असा नाही. खरा जिवाणूसंसर्ग असेल, तर हेच औषध जीव वाचवतं. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा सुजला असेल, तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारण १० दिवस देतात. का? संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून. आणि इथेच घरोघरी तिसऱ्या दिवशी औषध थांबतं. "ताप गेला, आता गरम पडेल!" फ्रीजमधली उरलेली बाटली अनेकदा अशीच जन्माला येते.

तेव्हा एवढं करा:

१. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय घेऊ नका, मागून लिहूनही घेऊ नका. "हे खरंच हवं आहे का? किती दिवस?" हे मात्र जरूर विचारा.

२. आजचं वजन सांगा. आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, तर तेही सांगा.

३. प्रत्येक वेळी बाटली हलवून, मोजून, वेळेवर द्या. सांगितलेले दिवस पूर्ण करा. उरलेलं मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकून द्या.

४. औषधानंतर अंगावर गांधी उठल्या, तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना विचारा. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक हॉस्पिटल गाठा.

५. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, झपाट्याने चालणारा श्वास, सुस्ती, दूध किंवा पाणी न घेणं, यात घरी वाट पाहू नका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते.

आज हे वाचून झालं की फ्रीज उघडा. दाराच्या कप्प्यात, सॉसच्या बाटलीमागे ती असेलच. पुढच्या तापाच्या रात्री ती हाताशी असता कामा नये.