संगीताची पदवी आणि आपली मुले

शाळेच्या स्मरणिकेत डॉक्टर, अभियंता, अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव होतो आणि तो यथार्थच असतो. या खेपेस आम्ही मात्र ज्याला प्रवेश नाकारला गेला, अशा एका विद्यार्थ्याविषयी लिहिणार आहोत. त्याचे नाव येथे देत नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत तो आपल्या वसतिगृहात होता. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी ज्यांनी त्याचे गाणे ऐकले आहे, त्यांना नावाची गरज पडणार नाही. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोहोचावा, असा तो आवाज होता.

बी. ए. झाल्यावर संगीतात एम. ए. करावे असे त्याच्या मनाने घेतले. एका विद्यापीठाचा अर्ज त्याने आणला. त्यात संगीताच्या पूर्वशिक्षणाचा रकाना होता. तेथे काय लिहावे, हे विचारायला तो आमच्या घरी आला. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. ‘शालेय व सामाजिक कार्यक्रमांत गायन’ असे लिहायला आम्ही सांगितले, आणि मोठे काम केल्याच्या समाधानाने त्याला चहा पाजला. आज ते आठवले की संकोच वाटतो.

परीक्षेच्या खोलीत काय घडले, ते त्याने परत आल्यावर सांगितले. समोर तीन परीक्षक, बाजूला तबला आणि पेटी घेऊन बसलेले साथीदार. पहिलाच प्रश्न आला : ‘आपला स्वर कोणता?’ पोराला वाटले, कोणता राग गाणार असे विचारीत आहेत. प्रश्न त्याहून साधा होता. पेटीची कोणती पट्टी षड्ज म्हणून धरायची, काळी एक की काळी दोन, एवढेच त्यांना हवे होते, म्हणजे त्याप्रमाणे तानपुरा आणि तबला जुळवता आला असता. लहानपणापासून गाणाऱ्या मुलाला आपला षड्ज ठाऊक नव्हता. गावोगावच्या कार्यक्रमांत पेटीवाल्याने जेथून सुरुवात केली, तेथून तो गात आला होता. पुढे विलंबित ख्याल गाण्यास सांगितले. तो त्याला येत नव्हता, म्हणून त्याने भीमगीत म्हटले. परीक्षकांनी ते पूर्ण ऐकून घेतले, मध्ये थांबवले नाही. नंतर झपतालाच्या दहा मात्रा हातावर द्यायला सांगितल्या, पेटीवर वाजविलेले स्वर ओळखायला सांगितले, भीमपलास आणि बागेश्री यांतील भेद विचारला. भीमपलासावर बेतलेली गाणी तो वर्षानुवर्षे गात होता. त्या रागाला भीमपलास म्हणतात, हे त्याला त्या खोलीत कळले. शेवटी त्यांतील एक बाई म्हणाल्या, ‘आवाज फार चांगला आहे, पण पाया नाही. तयारी करून पुन्हा या.’

तो पुन्हा गेला नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत तो आता कामाला आहे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गातो.

त्या वेळी आम्ही एका सभेत बोलून गेलो होतो की, पोराची जात पाहिली आणि त्याला बाहेर काढले. ते विधान आज आम्ही मागे घेत आहोत. संगीताच्या क्षेत्रात जात नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही ते मान्य करणार नाही. परंतु त्या दिवशी जात त्या खोलीत बसलेली नव्हती. ती फार आधी आपले काम उरकून गेली होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पाहा. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन आणि विशारदच्या दोन, अशा सात पायऱ्या आहेत. एकेका वर्षाला एकेक धरली तरी सात वर्षे होतात. दहाव्या वर्षी ज्या मुलाला शिक्षक मिळाला, ज्याच्या घरात पेटी आहे आणि ‘अभ्यास सोडून काय गातोस’ असे म्हणणारे कोणी नाही, तो मुलगा बी. ए. होईपर्यंत तयार होतो. आपल्या मुलाला यांतले काहीच मिळाले नव्हते. आणि ते न मिळण्यात आमचाही हात आहे. तो आठवीत असताना एक संगीतशिक्षक जळगावहून आठवड्यातून दोनदा यायला तयार होते. त्यांच्या मानधनाचे पैसे शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा वर्गांकडे वळवावेत, असा आग्रह बैठकीत आम्हीच धरला. त्या मुलाला आम्ही सांगितले होते, ‘आधी काहीतरी हो, मग गा.’

आपल्या घरांतून संगीताला होणारा विरोध निव्वळ अडाणीपणाचा नाही, हे इतिहासाचा अभ्यासक म्हणून नमूद केले पाहिजे. अनेक गावांत डफ वाजविणे ही आपल्या पूर्वजांसाठी कला नव्हती, ते गावकीचे काम होते. वाजविणारा दाराबाहेर उभा राही आणि वाजवून झाले की शिळ्या भाकरीवर त्याची बोळवण होई. बाबासाहेबांच्या चळवळीने असली कामे टाकायला शिकवले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली. ज्या आजोबांनी डफ खुंटीवरून उतरवून फेकला, त्यांच्या नातवाने ‘मला गाण्यात पदवी घ्यायची आहे’ म्हटले, तर घर दचकणारच. ‘त्यासाठी का तुला शिकवले?’ या प्रश्नामागे मोठी जखम आहे.

पण त्याच पिढीने डफ पुन्हा हाती घेतला, तो जलशासाठी. भीमराव कर्डकांच्या जलशाने खेडोपाडी चळवळ पोहोचवली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि त्यांची गाणी आज आपल्या प्रत्येक वस्तीत तोंडपाठ आहेत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनी कोणत्या विद्यापीठाची पदवी घेतली होती, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यांची परीक्षा हजारोंच्या सभांनी घेतली. परंतु आज गाणाऱ्या मुलाला पोट भरायचे असते. महाविद्यालयात संगीत शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. शिवाय संगीताच्या अभ्यासक्रमात कोणाची गाणी असावीत, हे ठरविणाऱ्या मंडळांवर पदवीधरच बसतात. वामनदादांवर तेथे दोन ओळी याव्यात असे वाटत असेल, तर आपले कोणीतरी त्या टेबलाशी असले पाहिजे.

इतिहासाकडे पाहता आम्हाला आणखी एक गोष्ट जाणवते. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह छापल्या. घराण्याच्या दिवाणखान्यात राहिलेली विद्या त्यामुळे वर्गात आणि पुस्तकात आली. ती प्रथम ठरावीक घरांत गेली, हे खरे. तरीही आम्हाला परीक्षा ही वस्तू आपल्या बाजूची वाटते. उस्तादाची मर्जी संपादन करायला आपला मुलगा कोठे गेला असता? पण अमुक राग, अमुक ताल, अमुक बंदिशी असे छापील पत्रक असेल, तर त्याची तयारी धरणगावातही करता येते. बाबासाहेब परदेशात पदव्या मिळवून आले, ते विद्यापीठांना मर्जीपेक्षा अभ्यास अधिक मान्य होता म्हणूनच.

याचा अर्थ परीक्षकांचे सगळे बरोबर होते, असा नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याला ढोलकीच्या ठेक्यावर उभ्या उभ्या अंतरा रचता येत होता, प्रतिपक्षाच्या सवालाला त्याच चालीत जवाब देता येत होता, उठू लागलेली सभा बसवता येत होती. अर्जात यासाठी एकही रकाना नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, तेथे शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासनही आहे. आमच्या खान्देशातले वहीगायन, तमाशा ज्यांच्या अंगात आहे, त्यांनी तेथे अवश्य जावे. मात्र आपल्या मुलांनी लोककलाच करावी आणि ख्याल इतरांनी गावा, अशी वाटणी कोणी सुचवीत असेल, तर ती आम्हाला मान्य नाही. गावकीत कामे अशीच वाटलेली होती.

मागे एका पालकसभेत एका ज्येष्ठ उपासकांनी धम्माच्या बाजूने आक्षेप घेतला. अष्टशीलात नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहण्याचे शील आहे, मग विहाराला लागून असलेल्या शाळेत हे कशाला? त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगतो : ते शील उपोसथाच्या दिवसाचे आणि भिक्खूंचे. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. आणि अंगुत्तर निकायात भगवंतांनी सोण भिक्खूला वीर्य आणि समता समजावली, ती वीणेच्या तारांवरूनच. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्याला ते लगेच उमगले. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. एम. ए. च्या दारात उभे राहून तयारी सुरू करू नका, पाचवी-सहावीत करा. बारावीनंतर थेट संगीतातील पदवीलाही जाता येते. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशा ठिकाणी चौकशी करावी. 10 ते 14 वयोगटातील मुलांसाठी केंद्र शासनाची सी. सी. आर. टी. ची सांस्कृतिक शिष्यवृत्ती आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळतात, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना अभियांत्रिकीच्याच मुलांसाठी असतात, हा समजही चुकीचा आहे. आणि परीक्षेला जाण्यापूर्वी मुलाला एकदा तरी अनोळखी तबलजीबरोबर, अनोळखी माणसांसमोर गाऊ द्या. आपल्या मुलांना सभेची भीती नसते. बंद खोलीतल्या तीन माणसांची असते.

गेल्या वर्षापासून वसतिगृहात संगीताचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. शिक्षक जळगावहून सायंकाळच्या गाडीने येतात, वंदनेनंतर दीड तास शिकवतात आणि रात्री परततात. चौदा मुले-मुली बसतात. नववीतील एक मुलगी प्रवेशिका पूर्ण झाली असून मध्यमेची तयारी करीत आहे. तिची आई शेतमजूर आहे आणि मुलीने संगीताचीच पदवी घ्यावी असे तिचे म्हणणे आहे. परवा आम्ही त्या मुलीला मुद्दाम विचारले, आपला स्वर कोणता. ‘काळी चार,’ तिने लगेच सांगितले. वर्गात एकच पेटी आहे, तीही माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या मेळाव्यातली. तिच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. त्यांतली एक काळी चार आहे, म्हणून सध्या ती मुलगी पांढरी पाचवर रियाज करते.