पोत्यावरचं रसायनशास्त्र

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरच्या पुढे कळंब लागतं. या पट्ट्यातला शेतकरी कांद्या-बटाट्याला खत घेताना पोत्यावरचे 10:26:26 हे आकडे हमखास पाहतो. त्या तीन आकड्यांत रसायनशास्त्राचा पाया आहे.

50 किलोच्या पोत्यात नत्र 5 किलो, हा पहिल्या आकड्याचा सरळ अर्थ. पुढचे दोन जपून वाचायचे. 26 टक्के म्हणजे 13 किलो शुद्ध फॉस्फरस नव्हे. तो हिशोब फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. त्यात फॉस्फरसच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे पाच अणू येतात. अणुभार 31 आणि 16 धरले, तर निव्वळ फॉस्फरस भरतो साधारण 5.7 किलो. पालाशचंही तेच: 13 किलो पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम सुमारे 10.8 किलो.

आवर्तसारणीत नायट्रोजन 7वा, त्याच्या बरोबर खाली 15वा फॉस्फरस, आणि 19वा पोटॅशियम. मेंडेलीव्हने 1869 साली मांडलेली ही सारणी मुलं घोकून पाठ करतात. ती त्यांना वावरात भेटावी, अशी आमची तळमळ आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदची रेडिओ दुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांनी दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा माग घेते. एवढं विज्ञान उशाशी असताना आपली मुलं मोजमापाला बिचकता कामा नयेत.

म्हणून हा अंक अणू, आवर्तसारणी आणि मोजमापाला वाहिला आहे. शिक्षकांना आणि पालकांना आग्रहाची विनंती: घरातली मृदा आरोग्य पत्रिका मुलांच्या हाती द्या आणि यंदाच्या खताचा हिशोब त्यांनाच मांडू द्या.