बकरी पाठीवर चढली तर योगा, दारात बांधली तर घाण?

सध्या दीपनगर-भुसावळकडच्या आपल्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक रील फिरतेय. हिरवळीवर चटया टाकलेल्या, त्यावर ओणवी झालेली माणसं आणि त्यांच्या पाठीवर चढलेली बकरीची पिल्लं. याला म्हणे 'गोट योगा' म्हणतात. काहींनी लगेच ठरवलं, गाडी करू, एखाद्या रविवारी असा मोकळ्या मैदानातला क्लास बघून येऊ. काहींनी तितक्याच तातडीने विरोध केला. योगा म्हणजे ब्राह्मणी, २१ जूनचा सरकारी सोहळा, चळवळीच्या पोरांनी या नादाला लागू नये. आमचं म्हणणं दोघांहून वेगळं आहे. जरूर जा, पण काय बघायचं ते ठरवून जा.

आधी विरोधाचं बघू. शरीराचं आपल्याला वावडं नाही. सतिपट्ठान सुत्तात पहिलं लक्ष कायेवरच आहे; श्वास, बसणं, उठणं, चालणं. इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून लोक जातात, त्यात आपली माणसं कमी नाहीत. कंत्राटावर ओझी उचलून ज्याची कंबर गेली त्याला कोणी कंबर मोकळी करायला शिकवत असेल तर त्याने आधी प्राचीन परंपरेचा दाखला मागावा काय? व्यायामाला जात नसते. जात असते ती चटई कोणी टाकायची, त्यावर कोणी झोपायचं आणि नंतर कोणी झाडायची, यात. तिथे डोळे उघडे ठेवले की झालं.

आता हा प्रकार आला कुठून? अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात लेनी मोर्स नावाच्या बाईने २०१६ साली आपल्या शेतावर तो सुरू केला. आजारपण आणि घटस्फोट यातून जात असताना तिला बकऱ्यांजवळ बसून बरं वाटायचं. एका योगशिक्षिकेने सुचवलं की इथेच वर्ग घेऊ, आणि तो जगभर गाजला. बकरीला आसनं कळत नाहीत. उंचावर चढणं हा तिचा स्वभाव. दगड असो, पडकी भिंत असो, बाभळीचं वाकडं खोड असो की माणसाची पाठ, तिला सगळं सारखंच. पिल्लू हलकं असतं म्हणून ते पाठीवर चालतं. मोठा बोकड चढला तर योगा तिथेच आटोपेल.

म्हणजे बकरीजवळ माणसाचं मन हलकं होतं, हे शोधायला ओरेगॉनला जावं लागलं! फेकरी, वेल्हाळे किंवा खानदेशातल्या कुठल्याही गावच्या वस्तीतल्या आजीला विचारलं असतं तर तिने फुकट सांगितलं असतं. (आपल्याकडे शेळी फक्त सरकारी कागदावर असते, तोंडात बकरीच.) २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाखांच्या आसपास बकऱ्या मोजल्या, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. त्या कोणाच्या दारात आहेत? ज्याला शेत नाही, बँक दारात उभी करत नाही, त्याची बकरी हीच बँक. पोरीची फी भरायची, दवाखाना निघाला, की एक बोकड जातो. राज्यात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, बैलही त्यात आले. म्हातारं जनावर विकायची वाट बंद झाल्यावर गरिबाला जी उरली ती बकरी.

आणि याच बकरीच्या नावाने आपल्या पोरांचं काय होतं? ऑगस्ट २०२३, हरेगाव, तालुका श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. बकरी आणि कबुतरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ फिरला, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. त्या व्हिडिओत आणि आजच्या रीलमध्ये दोन्हीकडे बकरीच आहे. एकात ती माणसाच्या जिवापेक्षा महाग, दुसऱ्यात माणसाच्या करमणुकीची. गांधीजींच्या बकरीचं अजून कौतुक होतं. बकरी तीच असते मित्रांनो, मालक बदलला की बातमी बदलते.

आपल्यातल्यांनाही एक विचारायचं आहे. क्वार्टर मिळालं, प्लॉट घेतला, बंगल्याला 'प्रज्ञा' किंवा 'करुणा' नाव दिलं, की शेजारची बकरी घाण वाटायला लागते. लेंड्या पडतात, वास येतो, पाहुणे काय म्हणतील! बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, कारण ते लादलेलं, अपमानाचं काम होतं. जिवंत बकरी पाळून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बाईला कमी लेखा, असं त्यांनी कुठेही सांगितलं नाही. तीच बकरी रविवारी तिकीट काढून पाठीवर घ्यायची असेल तर सोमवारी शेजारणीच्या दारातल्या बकरीची तक्रार करायची नाही, एवढं तरी ठरवा.

मोकळ्या मैदानावरच्या क्लासचं जाहिरातीत मोठं कौतुक असतं. पण मोकळं मैदान बकरीला उरलंय कुठे? आपल्या भागात वीज केंद्र आलं, वसाहत आली, राखेचा बंड आला. विजेला आमचा विरोध नाही, पण चराई किती गेली याचा हिशोब कोणी मांडला? गायरानासाठी तर या खानदेशाने तुरुंग भरले आहेत. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह इथे पेटला, पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झाला. त्या रेट्याचाच पुढचा भाग म्हणजे १९९१ चा शासन निर्णय, ज्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायची वाट दिली. मग २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं आणि २०२२ मध्ये वस्त्यावस्त्यांवर नोटिसा आल्या. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनीचा अपवाद नमूद आहे, हे नोटीस चिकटवणारा सांगत नाही. कार्यकर्त्याला ते पाठ हवं.

आता जाण्याचं. पोहोचल्यावर आयोजकाला न लाजता विचारा. पिल्लं किती दिवसांची, आई जवळ बांधलीय की दूध तोडून आणलीत? पीपीआरची लस झाली का? लेंड्या कोण उचलतं आणि त्याला दिवसाचे किती मिळतात? बोकडं मोठी झाली की कुठे जातात? खाटकाकडे जात असतील तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण करुणेच्या नावाने तिकीट विकणाऱ्याने ते उघड सांगावं. आल्यावर हात साबणाने धुवा, लहान पोरं बरोबर असतील तर नक्कीच.

आमचं स्वतःचं मत असं की लांब जाण्यापेक्षा हा वर्ग आपल्याच भागात घ्यावा. मे महिन्यात नाही, भुसावळचा पारा ४५ वर गेल्यावर ना माणूस वाकतो ना बकरी चढते. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सात वाजता. शिकवायला आपल्यातलीच एखादी शिकलेली पोरगी, पिल्लं वस्तीतल्या बायांची, आणि शेवटचा अर्धा तास त्यांच्यापैकी एकीने बोलायचं. बकरी आजारी कशी ओळखायची, व्यापारी वजनात कसा मारतो. पशुसंवर्धन खात्याची दहा बकऱ्या आणि एक बोकड गटाची योजना आहे, अनुसूचित जातीला ७५ टक्के अनुदान. त्याचे अर्ज तिथेच भरून घ्या, कागदपत्रांची यादी आधी व्हॉट्सअॅपवर टाका, म्हणजे जातीचा दाखला आणि बँक पासबुक घेऊनच बाया येतील. फी माणशी घ्या, पण पिल्लामागे ठरलेली रक्कम मालकिणीच्या हातात वर्ग सुरू होण्याआधी रोख द्या. चहा-नाश्त्याचा हिशोब नंतर.