छायाचित्राची पाठ

माझे मामा हवाई दलात फिटर होते, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून जी मोजकी चीजवस्तू माझ्या वाट्याला आली, तीत एक छायाचित्र होते. पोस्टकार्डाएवढ्या त्या चित्रात मामा एका अजस्र विमानाच्या शेपटीपाशी उभे आहेत. हातात तेलाने माखलेले फडके, अंगात ढगळ डगला, आणि मुद्रेवर असा काही स्वामित्वाचा भाव की, ते विमान सरकारचे नसून त्यांच्या घरचे आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: ‘लोहगाव, 1964’. विमानाच्या धडावरील क्रमांक ‘एच्. ई.’ या अक्षरांनी आणि त्यापुढील एका अंकाने सुरू होतो. उरलेले दोन अंक मामांच्या खांद्याआड गेले आहेत.

ते विमान लिबरेटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने 18 हजारांहून अधिक संख्येने घडविलेले हे चार इंजिनांचे, जोडशेपटीचे बाँबफेकी विमान आपल्या पदरी पडले, ते मात्र कोणाच्या औदार्याने नव्हे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या करारास अनुसरून ही विमाने, पुन्हा कोणाच्याही उपयोगी पडू नयेत अशा बेताने मोडतोड करून, कानपूरच्या तळावर टाकून दिली होती. आणि जे दुसऱ्याने जाणूनबुजून निकामी केले ते आपण पुन्हा उभे करू, अशा जिद्दीने बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील कारागिरांनी 1948 साली त्या बेवारस ढिगाऱ्यातून, एकाचे सुटे भाग दुसऱ्यास जोडीत, चाळीसच्या आसपास विमाने उड्डाणायोग्य केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगलोरला उडवीत नेली, आणि तेथे पक्की दुरुस्ती होऊन ती हवाई दलाच्या सेवेत रुजू झाली. लोहगावच्या तळावर 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ती समुद्रावरील टेहळणीसाठी होती. अखेर 1968 साली, इतर देशांनी ती केव्हाच मोडीत काढलेली असताना, आपल्या हवाई दलाने त्यांना निरोप दिला.

त्यानंतर त्यांची खरी किंमत जगास कळली. एक लिबरेटर ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात गेले; एक कॅनडाने ओटावासाठी मागून घेतले आणि त्याच्या मोबदल्यात दिलेले लायसँडर विमान दिल्लीच्या पालम संग्रहालयात आले; एक 1969 साली स्वतःच्या पंखांवर समुद्र ओलांडून ॲरिझोनातील टक्सनला पोचले. आणखी एक भारतातच पडून राहिले होते, ते एका ब्रिटिश संग्राहकाच्या हातून अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे आले, 1989 साली पुन्हा उडाले, आणि पुढे वर्षानुवर्षे तेथील हवाई मेळाव्यांतून लोकांनी ते डोळे भरून पाहिले.

मॅसॅच्युसेट्समध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने अशाच एका मेळाव्यात या विमानाचे छायाचित्र घेतले आणि मला धाडले. नाकाडावर ‘विचक्राफ्ट’ हे नाव, अंगभर अमेरिकी रंग, अमेरिकी तारा. यापूर्वी याच विमानाने ‘ऑल अमेरिकन’ हे नावही मिरविले होते. युद्धात लढलेल्या आपल्या तरुणांच्या स्मृत्यर्थ त्या लोकांनी हे रंग दिले, त्यात वावगे काही नाही. परंतु आपले तिरंगी वर्तुळ अंगावर वागवीत त्या विमानाने काढलेल्या वर्षांचा मागमूसही त्या रंगाच्या थरावर उरला नाही. विमानाचा रंग बदलतो, मालक बदलतो, इंजिने बदलतात. अमुक दिवशी, अमुक तळावर, अमुक माणसांच्या हाताखाली ते उभे होते याचा दाखला देण्यास दप्तरातील नोंदीखेरीज मागे राहते ते छायाचित्र, आणि तेही त्याची पाठ कोरी नसेल तरच.

येलहंक्याच्या हवाई प्रदर्शनास गेलो तेव्हा मामांचे चित्र मी मुद्दाम बरोबर नेले होते. ज्या शहरात त्या विमानांचा पुनर्जन्म झाला तेथे त्यांना ओळखणारा कोणी भेटेल, अशी आशा होती. आकाशात विमाने गर्जत होती आणि मंडपाच्या सावलीस चार-पाच निवृत्त सैनिक मांडीवर पाकिटे उघडून जुनी चित्रे एकमेकांना दाखवीत बसले होते. त्यांतील एका कानडी गृहस्थांनी माझे चित्र हाती घेतले, डोळ्यांजवळ नेले, आणि पुण्याच्या मुक्कामात कमावलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, “हे ठिगळ मी ओळखतो.” शेपटीच्या डाव्या उभ्या पात्यावर पत्र्याचा एक चौकोनी तुकडा रिव्हेट मारून बसविलेला होता, इतकी वर्षे ते चित्र पाहूनही माझी नजर कधी त्यावर ठरली नव्हती. त्यांनी आपल्या पाकिटातून एक चित्र काढले. तेच विमान, तेच ठिगळ, त्याच जागी उभा असलेला एक सडपातळ तरुण, म्हणजे ते स्वतः. मात्र ते दोन पावले डावीकडे उभे होते, आणि माझ्या मामांनी झाकलेले दोन्ही अंक तेथे लख्ख दिसत होते.

तो क्रमांक मी घरी येऊन वाचलेल्या विमानांच्या यादीशी ताडून पाहिला. तो तीत नाही. माझ्या मामांचे विमान ना कोणत्या संग्रहालयात आहे, ना कोणत्या मेळाव्यात उडाले; ते भट्टीत वितळून गेले असणार. पृथ्वीच्या पाठीवर त्या विमानाचे माझ्या माहितीत जे काही शिल्लक आहे, ते या दोन कागदांवर आहे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवल्याखेरीज त्याचे नावदेखील पुरे होत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी चित्रे पेट्यांतून पडून आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ती बाहेर काढावीत, ठिगळे ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या हाती द्यावीत, आणि ती जे सांगतील ते त्याच दिवशी पाठीवर लिहून ठेवावे. आम्ही दोघांनी एकमेकांच्या चित्राची प्रत घेतली. ‘लोहगाव, 1964’ या मामांच्या अक्षराखाली मी आता तो क्रमांक संपूर्ण लिहिला आहे, आणि त्याखाली दोघा फिटरांची नावे.