पिस्तूल कमरेला आहे, पण कव्हर कुठाय? ‘चुकून सुटलेल्या’ गोळीची गोष्ट

भंडारा : 1 ऑक्टोबर 2024 ची पहाट. मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून त्यांच्याच पायात गुडघ्याजवळ शिरली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया झाली, गोळी निघाली, 4 ऑक्टोबरला ते दवाखान्यातून घरी आले.

आपल्याकडे दोन दिवस व्हॉट्सअॅपवर त्याचे विनोद फिरले आणि विषय संपला. पण त्या बातमीत दोन प्रश्न होते, ते कोणी फारसे विचारले नाहीत. पडलेलं रिव्हॉल्वर सुटतं कसं? आणि कपाटात ठेवायच्या हत्यारात गोळ्या भरलेल्या का होत्या?

आधी पहिला प्रश्न. रिव्हॉल्वरच्या गोल चक्रीत साधारण सहा घरं असतात. मागचा घोडा, म्हणजे हातोडीसारखा भाग, काडतुसाच्या बुडावर आपटला की गोळी सुटते. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक अडसर असतो. चाप ओढल्याशिवाय तो अडसर घोड्याला काडतुसापर्यंत पोहोचू देत नाही. जुन्या बनावटीत हा अडसर नसतो, किंवा असला तरी वर्षानुवर्षांत झिजतो. मग घोड्याच्या अगदी समोर भरलेलं काडतूस असेल आणि हत्यार घोड्यावरच आपटलं, तर चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जुनं रिव्हॉल्वर बाळगणारे जाणते लोक घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवतात. सहाच्या जागी पाच गोळ्या, एवढाच काय तो तोटा.

पिस्तुलाचं वेगळं. तिथे फसवणूक मॅगझिनची असते. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी नळीच्या मागच्या घरात चढलेली असेल तर ती तिथेच राहते. वरचा सरकता भाग मागे ओढून, आत डोळ्यांनी बघून आणि बोटाने चाचपूनच पिस्तूल रिकामं समजायचं. ‘मी आत्ताच बघितलं होतं’ हे चालत नाही.

हे अनाडी माणसाकडूनच होतं असं नाही. 8 डिसेंबर 2023 ला उत्तर प्रदेशात अलीगढच्या एका पोलीस ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या चौकशीसाठी आली होती. समोर उभ्या फौजदाराच्या हातात पिस्तूल दिलं गेलं, तो ते हाताळत होता, आणि गोळी सुटून तिच्या डोक्यात लागली. काही दिवसांनी ती दवाखान्यात वारली. ट्रेनिंग झालेला माणूस, सरकारी पिस्तूल, तेही ठाण्यात! त्या बाईचा दोष एवढाच की ती समोर उभी होती.

वर्तमानपत्रं आणि चॅनलवाले अशा घटनेला ‘मिसफायर’ म्हणतात. शब्द उलटा आहे. मिसफायर म्हणजे चाप ओढूनही काडतूस न फुटणं. इथे काडतूस अगदी बरोबर फुटलेलं असतं, नको तिथे आणि नको तेव्हा. ‘मिसफायर झाला’ म्हटलं की दोष हत्याराच्या माथी जातो आणि हाताळणारा मोकळा सुटतो, म्हणून हा शब्द आपल्या बातम्यांतून गेलेला बरा.

आता कव्हराकडे येऊ. इंग्रजीत होल्स्टर, आपण कव्हर म्हणतो. बऱ्याच जणांना वाटतं, ती शोभेची वस्तू आहे किंवा हत्यार घासू नये म्हणून असते. तिचं मुख्य काम वेगळंच आहे. चाप झाकणं. चाप पूर्ण झाकलेला असेल तर त्यात बोट जात नाही, शर्टाचा कोपरा जात नाही, जॅकेटची दोरी किंवा गाडीची किल्ली अडकत नाही. पॅंटीत नुसतं खोचलेल्या पिस्तुलाचा चाप उघडाच असतो. सिनेमातला हिरो तसंच खोचतो, पण त्याचं पिस्तूल खोटं असतं.

आपल्याकडच्या राहणीत ही जोखीम आणखी वाढते. आपण पंगतीत मांडी घालून बसतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवतो, बांधावरून उडी मारतो, उकिडवे बसतो. समोर कमरेला खोचलेलं पिस्तूल घेऊन मांडी घातली की नळी नेमकी जांघेकडे किंवा मांडीकडे वळते. मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. ती फुटली तर माणूस मिनिटांत जातो, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. साकोली, लाखांदूरच्या आतल्या गावांत गाडी यायलाच किती वेळ लागतो, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

कव्हर चांगलं की वाईट, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. चाप पूर्ण झाकला पाहिजे. तोंड ताठ राहिलं पाहिजे, पिस्तूल काढल्यावर चेपून बंद होता कामा नये. वाकलं, पळलं, गाडी खड्ड्यात आदळली तरी हत्यार निसटलं नाही पाहिजे. आणि ते त्याच मॉडेलच्या मापाचं हवं. बाजारातलं सगळ्यांना बसणारं ढिलं कापडी कव्हर म्हणजे नुसती पिशवी. चामड्याचं असेल तर दर काही महिन्यांनी तोंड तपासा. जुनं चामडं लोळतं, त्याची घडी आत वळते, आणि पिस्तूल परत घालताना तीच घडी चाप दाबते. अपघात बाहेर काढतानाच होतात असं समजू नका, परत ठेवताना घाई नडते. बोट चापाबाहेर सरळ ठेवून, बघून, सावकाश ठेवायचं. परत ठेवण्यात कसली शर्यत?

आणखी एक गोष्ट. रात्री किंवा संडासला जाताना पिस्तूल एकटं काढू नका, कव्हरासकट पट्ट्यावरून उतरवा. हातातून पडलंच तर झेलायला जाऊ नका. पडू द्या. नवं, धड हत्यार पडून सुटण्यापेक्षा ते झेलताना बोट चापात जाऊन सुटण्याची भीती जास्त असते.

कायदा काय म्हणतो? शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 सांगतो की सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्वर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास बनवलेल्या कव्हरात, अंगाला बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं हवं. म्हणजे कमरेला उघडं खोचणं किंवा लोकांना दाखवत फिरणं हा नियमभंग आहे, मग परवाना खिशात असो. घरी हत्यार सुरक्षित ठेवीन, असं हमीपत्र परवान्याच्या वेळी द्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा लग्न-कार्यक्रमात आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलं हत्यार परवाना नसलेल्याच्या हातात देणं हाही गुन्हाच. ‘भाऊ, एक फोटो काढू दे ना’ म्हणणारा पुतण्या यात येतो.

बीडचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर कमरेला पिस्तूल लावलेले आणि हवेत गोळ्या झाडणारे फोटो-व्हिडिओ बाहेर आले, आणि त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. मग परवाने रद्द करण्याची धावपळ सुरू झाली. ती चर्चा गुंडगिरीची होती आणि व्हायलाच हवी होती. पण अशा व्हिडिओत अजून एक गोष्ट दिसते : चापावर टेकलेलं बोट आणि शेजारी उभी पोरं.

आपला जिल्हा बीडसारखा नाही, बरं आहे. पण हत्यारं इथेही दिसतात. बॅंकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा गार्ड, पैशाच्या गाडीसोबतचा माणूस, नेत्यांमागचे अंगरक्षक, रानडुकरांपासून धान वाचवायला परवाना घेतलेले शेतकरी. शिवाय दारूगोळा म्हणजे काय, हे भंडाऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात कामगारांचे जीव गेले.

शेतातल्या लांब बंदुकीला पिस्तुलाचं कव्हर लागत नाही, पण गोष्ट तीच आहे. धुऱ्यावर चढताना, कुंपण ओलांडताना, ट्रॅक्टरवर बसताना काडतूस बाहेर. नळी माणसाकडे नाही. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि किल्ली पोरांना माहीत नसलेल्या जागी. बॅंकेच्या रांगेत उभे असताना गार्डची नळी पोटाकडे वळलेली दिसली तर मॅनेजरला सांगा. त्यात लाजायचं काय?

गोळी लागलीच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सोडू नका, आणि 108 ला फोन करा. गोळी काढायचा प्रयत्न करू नका. ‘पोलीस केस आहे’ म्हणून कोणताही दवाखाना तातडीचा उपचार नाकारू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय, आधी जीव, मग कागद.

राहिला प्रशासनाचा भाग. नियमात हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आहे. दोन्ही कागद फायलीत लागतात. परवाना नूतनीकरणाच्या वेळी ‘कव्हर दाखवा, कुलूप दाखवा’ असं विचारणं फार अवघड नाही. याहून सोपी संधी तर दर निवडणुकीत येते. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतली जातात, निकालानंतर परत दिली जातात. म्हणजे हत्यार पोलिसांच्या हातात आपोआपच येतं, आणि पोलीस दलाकडे हत्यारांची दुरुस्ती जाणणारी माणसंही असतात. त्यांनी तेव्हाच अडसर झिजलाय का, चाप ढिला आहे का, कव्हर मापाचं आहे का, एवढं बघून पावतीवर एक ओळ लिहिली तरी पुरे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाने ठरवलं तर पुढच्या निवडणुकीपासून हे सुरू होऊ शकतं, आणि त्याला वेगळा खर्चही फारसा लागणार नाही.