चाकांवरचा ओटा

महाराष्ट्राने 2021 साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले. आता चाकांवरचे घर घ्यायचे कुणाच्या मनात असेल, तर गाद्या आणि एसी मागाहून, आधी ओटा बघा. मुरगावकरांनो, बांगडा तळायचा तर ओटा गाडीच्या आत नको. वास गादीत मुरतो नि पेडण्यापर्यंत सोबत येतो! मागचे दार उघडून बाहेर रांधायची सोय बरी. पावसात वर ताडपत्री बांधावी लागेल, ती बांधू.

गॅसचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. तो हवेपेक्षा जड. गळला की खाली जमिनीलगत साचतो आणि झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. वरच्या खिडकीने भागत नाही, झरोका तळाशीच हवा. सिलिंडर आतून बंद, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. विकणाऱ्याला म्हणावे, याच शेगडीवर आधी चहा करून दाखवा.